घास, चहा आणि गोळी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून खाण्यापिण्याविषयी भाषण कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीला जेवत. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले आणि मुलांच्या ताटात भाकरी पडेल अशी व्यवस्था केली. उपाशी पोटी अक्षर डोक्यात शिरत नाही, हे त्या माउलीला कोणी सांगावे लागले नव्हते.

आज आपल्या बहुतेक घरांत पोट भरते. पण पोट भरले म्हणजे रक्त भरले असे होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ३१ होते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ते शंभरात ५४ होते. मी पुष्कळ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. तिसऱ्या तासाला पेंगणारी, जिना चढताना धाप लागणारी, चोरून खडू किंवा कच्चे तांदूळ खाणारी मुलगी पाहिली की आम्ही शिक्षक म्हणत असू, "हिचे अभ्यासात लक्ष नाही." त्यांतल्या कित्येक मुलींच्या रक्तात लोह नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. ती चूक माझीच होती, म्हणूनच आज बोलायला उभा आहे.

आपल्यासमोर टेबलावर एक साधा प्रयोग मांडला आहे. या पेल्यात कोरा चहा आहे. ही लोहाची गोळी. हिच्यावरचा निळा थर पुसून मी ती पाण्यात विरघळवली आहे. आता ते पाणी चहात ओततो. पाहा, चहा काळा झाला. आपल्या आजोबांच्या काळी हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून शाई करीत असत. हिराकस म्हणजे लोहाचेच एक क्षार, आणि लोहाच्या गोळीत बहुधा तेच असते. हिरड्यात आणि चहात टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. लोह आणि टॅनिन एकत्र आले की शाई बनते. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर तो काळा पडतो, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊकच आहे.

असाच व्यवहार पोटातही घडतो. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह आधीच थोडे शोषले जाते. जेवणासोबत कडक चहा घेतला तर त्या शोषणात निम्म्याहून अधिक घट होऊ शकते. आपल्याकडे न्याहारी म्हणजे चहा-चपाती किंवा चहा-पाव. पाहुणा जेवून उठला की "चहा टाका" ही पहिली हाक. रमजानमध्ये सहरीच्या शेवटच्या घासाला चहाची जोड हवीच. मी चहा सोडा म्हणत नाही. मीही चहाबाजच आहे. इतकेच म्हणतो की जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवा. याला एक पैसा पडत नाही.

दुसरी गोष्ट लिंबाची. जेवताना लिंबू पिळले, पेरू खाल्ला किंवा आवळ्याची फोड घेतली तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतील लोह कितीतरी सुलभतेने शोषले जाते. मटण आणि कलेजी यांतील लोह तर अधिकच सहज अंगी लागते, आणि थोडे मटण ताटात असले की सोबतच्या डाळीतील लोहही जास्त उचलले जाते. मात्र आपल्या घरांत पुष्कळदा बोट्या पुरुषांच्या ताटात आणि रस्सा मुलींच्या ताटात जातो. बंधूंनो, हा हिशेब उलटा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते. प्रौढ पुरुषाला १९ मिलिग्रॅम पुरते. एक सावधगिरी सांगतो. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदर बाईने ती वरचेवर खाऊ नये.

गूळ आणि खजूर यांचेही बोलतो, कारण लोह म्हटले की हीच दोन नावे पुढे येतात. आपला भाग गुळाचा आहे, आणि इफ्तारचा खजूर तर आपल्या जिव्हाळ्याचा. दोन्ही जरूर खा. पण दहा ग्रॅम गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. तीस मिलिग्रॅमची गरज खड्या-खड्याने भागवायला गेलो तर साखरेचाच भार होईल.

आता सांगलीच्या हळदीकडे वळतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत हळद साठवण्याची पद्धत तर प्रसिद्धच आहे. जखमेवर हळद लावण्याचे १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आक्षेप घेतला आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. पण त्या अभिमानाच्या आडून आता दुसरेच काही विकले जात आहे. ती आहे डबीतली हळद.

हळदीचा पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. हळदीत ते शंभर भागांत साधारण तीन भाग असते. घरात माणशी दिवसाला दोन ग्रॅम हळद पोटात गेली तर कर्क्युमिन साठ मिलिग्रॅमच्या आसपास जाते, आणि त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते. बाजारातील एका कॅप्सूलमध्ये मात्र पाचशे मिलिग्रॅम अर्क असतो, म्हणजे स्वयंपाकघरातील आठवड्याभराची हळद एका घोटात. त्यात पुष्कळदा काळ्या मिरीतील पायपरिन मिसळतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की पायपरिनमुळे माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचे शोषण वीसपट होते. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. पण वीसपट शोषण म्हणजे यकृतावर तितका भार, हे जाहिरातीत नसते. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी २०२२ साली हळदीच्या अशा औषधांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; त्यांतील एक दगावला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रण खात्यानेही २०२३ साली लोकांना सावध केले. अशी इजा सर्वांनाच होत नाही, ती विरळ आहे. पण रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्या आपल्या दादाजींनी, किंवा यकृताचा विकार असलेल्या कोणीही, डॉक्टरांना न विचारता ही डबी उघडू नये. शिवाय कर्क्युमिनही मोठ्या मात्रेत लोहाला धरून ठेवते. म्हणजे ज्या मुलीला ताकद यावी म्हणून डबी आणली, तिचेच लोह अडायचे.

फोडणीतील हळदीला भिण्याचे कारण नाही. भीती आहे ती फार चमकदार पिवळ्या भुकटीची. रंग उठून दिसावा म्हणून काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट मिसळतात. त्यातील शिसे लहान मुलांच्या बुद्धीवर घाला घालते. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी हा प्रकार उघड केला, सरकारने कडक पावले उचलली आणि २०२१ पर्यंत तेथील बाजारातील भेसळ जवळपास नाहीशी झाली. म्हणजे मनावर घेतले तर हे थांबते. आपल्या सांगलीला तर हळदीची बाजारपेठ दारात आहे. खात्रीच्या दुकानातून हळकुंडे घ्यावीत आणि गिरणीत डोळ्यांसमोर दळून आणावीत.

एका पालकाने मला विचारले, "सर, ही कॅप्सूल आपल्याला चालते का?" प्रश्न रास्त आहे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून बनते. ते कोणत्या जनावराचे, हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते. वनस्पतिजन्य आवरणही मिळते, गोळी आणि पातळ औषधही मिळते. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पण ते विचारण्याआधी ही वस्तू मुळात हवी आहे का, हे विचारा.

ताकदीच्या पावडरीचेही तेच. दुधात घालण्याच्या पुष्कळ पावडरींत साखर बरीच असते. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नये, असे केंद्र सरकारने २०२४ साली ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. त्या डब्याच्या पैशात महिन्याचे शेंगदाणे, हरभरे आणि अंडी येतात.

मग सगळ्याच गोळ्या वाईट का? नाही, आणि हे मी निक्षून सांगतो. शाळेत आठवड्याला एकदा मिळणारी निळी गोळी फुकट मिळते म्हणून तिला कमी लेखू नका. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. मात्रा मोजून ठरवलेली आहे. ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नव्हे. शौचाला काळे होते, क्वचित मळमळते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रमजानमध्ये ती इफ्तारच्या जेवणानंतर घेता येते. पण याच गोळ्या तान्ह्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात.

मुलींनो, आता तुमच्याशी दोन शब्द. थकवा लपवू नका. अम्मीला सांगा, आपाला सांगा, वर्गशिक्षिकेला सांगा. सरकारी दवाखान्यात बोटाच्या एका थेंबाने तपासणी होते. हिमोग्लोबिन बाराच्या खाली आले तर लाजण्यासारखे काही नाही. उपचार घेण्यासारखे आहे.

आणि पालकहो, आपण फी भरतो, वह्या-पुस्तके घेतो, शिकवणी लावतो. आज घरी गेल्यावर इतकेच करा: जेवणाच्या ताटाजवळचा चहाचा कप तासभर दूर सारा, त्या जागी लिंबाची फोड ठेवा, आणि रश्शातील पहिली बोटी मुलीच्या ताटात वाढा. पुढच्या मेळाव्यात या प्रयोगाचा निकाल मला तिच्या चेहऱ्यावर वाचायचा आहे.