पदराची उलटी बाजू

अस्सल पैठणी ओळखायची कशी, असे पैठणला येणारे पाहुणे हमखास विचारतात. जाणकार सांगतो, पदर उलटा करून पाहा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रमागावरच्या नकलेच्या मागे धागे सुटलेले असतात.

मोबाइलवर येणाऱ्या ‘घरबसल्या कामा’लाही हीच कसोटी लावावी. वरची बाजू देखणी असते. नामवंत कंपनीचे नाव, तिचे बोधचिन्ह, आर्जवी बोलणे. काम सोपे असते: हॉटेलांना ऑनलाइन चांगला शेरा द्या, व्हिडिओ ‘लाइक’ करा. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. विश्वास बसतो. मग मोठ्या कामासाठी आधी हजार भरा, पुढे दहा हजार. पडद्यावर कमाई फुगत जाते, पण काढायला गेले की म्हणतात, अगोदर ‘कर’ भरा.

ही चाल नवी नाही. २०११ मध्ये गाजलेल्या ‘स्पीक एशिया’ प्रकरणात ११,००० रुपये भरून घरी बसल्या सर्वेक्षणाचे अर्ज भरायचे होते. बाटा, नेस्ले अशी नावे गिऱ्हाईक म्हणून सांगितली गेली. या कंपन्यांनी संबंध नाकारला, तोवर देशभरातल्या लाखो लोकांचे पैसे गेले होते. तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अर्धवेळ कामाच्या नावाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या.

घरबसल्या मिळणारे सगळेच काम खोटे नसते. पैठणीचा मागही कितीतरी घरांत चालतो. तिथे मालक रेशीम देतो, जर देतो आणि विणणाऱ्याला मजुरी देतो. काम हवे म्हणून कारागिराने मालकाला पैसे द्यायचे, ही रीत कुठल्याच खऱ्या धंद्यात नाही. कंपनीचे नाव कितीही मोठे असो, पैसा आपल्याकडून तिकडे जाऊ लागला की समजावे, धागे सुटले. त्या कंपनीच्या अधिकृत कार्यालयात स्वतः चौकशी करावी.

फसणारी माणसे हावरी असतात, असे आपण पटकन म्हणतो. पण पदवी घेऊन घरी बसलेली लेक, तान्हे मूल सोडून बाहेर पडू न शकणारी सून, यांना कष्टाचेच पैसे हवे असतात. फसल्यावर त्या लाजेने गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळते. म्हणून घरच्यांनो, आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. रागवायचेच असेल, तर ते नंतर.