‘गोळी ला’ आणि एक्सएमएलमधली मोकळी जागा

आजचा विषय ऐकायला फालतू वाटेल: स्पेस. पण याच स्पेसने मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घाम फोडला होता.

एका क्लायंटची औषधांची मराठी माहितीपत्रकं आमच्याकडे एक्सएमएलमध्ये होती. फाइल्स अशा की अख्खं पत्रक एका ओळीत. वाचायची म्हणजे शिक्षाच. मी पायथनच्या मिनिडॉममधलं टू-प्रिटी-एक्सएमएल सगळ्यांवर फिरवलं. छान पायऱ्या पायऱ्या दिसायला लागल्या. फक्त मधे मधे रिकाम्या ओळी आल्या, आणि पुन्हा चालवलं की त्या वाढायच्या. म्हणून नुसत्या स्पेस असलेले टेक्स्ट नोड उडवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि खूश होऊन घरी गेलो.

दोन दिवसांनी प्रूफ बघणाऱ्या ताईंचा फोन. “अहो, हे ‘गोळी ला’ काय आहे? आणि ‘जेवणानंतरपाण्याबरोबर’?”

झालं असं. मूळ मजकुरात ‘गोळी’ ठळक होतं आणि ‘ला’ हा प्रत्यय टॅगच्या बाहेर, चिकटून. फॉरमॅटरने प्रत्येक नोड नव्या ओळीवर नेला. ब्राउझर ती नवी ओळ एका स्पेससारखी दाखवतो, म्हणून शब्द तुटला. दुसरीकडे दोन ठळक शब्दांमध्ये फक्त एक स्पेस होती. ती माझ्या स्क्रिप्टने कचरा समजून काढली. इंग्रजीत पहिली चूक कमी दिसते, कारण तिथे शब्द बहुतेक सुटे असतात. आपल्याकडे विभक्ती चिकटते ना!

चूक पार्सरची नव्हती. १९९८ च्या स्पेसिफिकेशनमध्येच आहे की मार्कअप सोडून प्रत्येक अक्षर पार्सरने प्रोग्रॅमकडे द्यायचं, स्पेससकट. कुठली स्पेस वाक्याची आणि कुठली नुसती मांडणीची, हे त्याला कळायला मार्ग नाही. डीटीडी असेल तर व्हॅलिडेटिंग पार्सर सांगू शकतो की या एलिमेंटमध्ये फक्त एलिमेंटच येतात, म्हणजे इथली स्पेस मांडणीची. आमच्याकडे डीटीडी होती, पण ती कोणी वापरतच नव्हतं.

एक्सएमएल-स्पेस नावाचं अॅट्रिब्यूट असतं, त्यात ‘प्रिझर्व्ह’ लिहायचं. मी ते लावलं आणि निर्धास्त झालो. चूक! ती फक्त विनंती आहे, आणि मिनिडॉम तिच्याकडे बघतही नाही.

नशीब, जुन्या फाइल्स गिटमध्ये होत्या. आता मी फक्त विभाग, यादी असल्या सांगाड्याच्या एलिमेंटना इंडेंट करतो; परिच्छेदाच्या आत हात लावत नाही. मग दोन्ही फाइल्समधल्या प्रत्येक परिच्छेदाचा मजकूर काढून अक्षर न् अक्षर जुळतो का ते बघतो. एक जरी स्पेस इकडेतिकडे झाली तर बिल्ड थांबतो.

ताईंना अजूनही प्रूफ पाठवतो. परवा त्यांनी विचारलं, “‘गोळीला’ नीट आहे ना रे?”