पट्टी सुटल्यानंतरचा हात

प्रार्थना संपली की मुले रांगेत उभी राहत आणि नखांची तपासणी होई. वाढलेल्या नखांच्या बोटांवर पट्टी बसे. श्रोत्यांपैकी पुष्कळांना हे आठवत असेल. त्यातून मूल स्वच्छता शिकण्याआधी हात लपविणे शिके. आणि ज्याच्या घरी भल्या पहाटे आई कामाला निघून जाई, ते मूल शाळाच टाळू लागे.

डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी निराळी वाट धरली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. हातपाय धुणे, केस विंचरणे हाच तेथे पाठाचा आरंभ होता. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाला दोष न देता त्याची अडचण समजून घेणे, हे या कार्याचे मर्म होय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळासही मनाई करते. कायदा शिक्षकाच्या हातातील पट्टी काढून घेतो. मोकळ्या झालेल्या हाताने काय करावे, हे मात्र शिक्षकानेच ठरवावयाचे असते. वर्गात नखे कापण्याचे साधन असावे, पाण्याची बादली असावी, आणि मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारावे, “बाळ, सकाळी काही खाल्लेस का?” आरोग्याचा व मनाचा धडा तेथूनच सुरू होतो.