घरच्या कागदांतून शिपायाचा माग

मराठवाड्यांतील पुष्कळ घरांत एखादा पुरुष असा होऊन गेलेला असतो कीं, त्याच्याविषयीं एकच वाक्य शिल्लक उरतें : "ते लढाईवर गेले होते." लढाई कोणती, पलटण कोणती, मुलूख कोणता, आणि शेवटीं त्यांचें काय झालें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर पुढल्या पिढीला देतां येत नाहीं. पेटीच्या तळाशीं चार पिवळे कागद असतात, देव्हाऱ्याच्या फळीवर एक काळवंडलेलें पदक असतें, आणि भिंतीवर फेटा बांधलेल्या तरुणाची तसबीर असते. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून १३ लक्षांहून अधिक माणसें गेलीं व ७४ हजारांवर परत आलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी फौज २५ लक्षांवर गेली व सुमारें ८७ हजार कामास आले. एवढ्या समुदायांतून एक माणूस शोधून काढणें अवघड खरें, पण अशक्य नाहीं. मात्र तो शोध घरच्या पेटीपासून सुरू करावा लागतो. दिल्लीपासून किंवा लंडनपासून नव्हे.

छत्रपति संभाजीनगर येथील घरांची अडचण थोडी निराळी आहे. पूर्वीं औरंगाबाद या नांवानें ओळखलें जाणारें हें शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ सालीं तें मुंबई राज्यांत आलें आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. त्यामुळें माणूस एका राज्याचा, चाकरी दुसऱ्या सरकारची आणि दफ्तर तिसऱ्याच्या हातीं, असा प्रकार येथें वारंवार होतो. म्हणून पहिला प्रश्न हा करावा कीं, हा मनुष्य फौजेंत कोणत्या दरवाजानें शिरला?

येथें मुख्य दरवाजे चार. पहिला निजामाच्या स्वतःच्या इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स या रिसाल्याचा. दुसरा व तिसरा दरवाजा जुन्या हैदराबाद कंटिंजंटचा. औरंगाबादची छावणी, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, हीं त्या कंटिंजंटचीं ठाणीं. १९०३ सालीं हा कंटिंजंट हिंदी फौजेंत मिळविण्यांत आला. त्याच्या घोडदळांतून विसावा डेक्कन हॉर्स व एकोणतिसावा लान्सर्स हे रिसाले झाले, आणि पायदळाला ९४ ते ९९ हे अंक मिळाले. चौथा दरवाजा सरहद्दीपलीकडचा. नगर व नाशिक हे जिल्हे इंग्रजी अमलांत होते. तिकडे जाऊन मराठा पलटणींत नांव घालणारेहि असत.

दरवाजा समजला म्हणजे घरांतली आख्यायिका तपासतां येते. "आजोबांनीं हैफाच्या लढाईंत घोडा घातला" असें एखाद्या घरांत सांगतात. हैदराबाद, म्हैसूर व जोधपूर यांचे लान्सर्स १५ व्या इंपीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेडमध्यें एकत्र होते, हें खरें. दिल्लीच्या तीन मूर्ती त्या तीन संस्थानांच्याच आहेत. परंतु २३ सप्टेंबर १९१८ रोजीं हैफावर चाल करून गेले ते जोधपूर व म्हैसूरचे स्वार. म्हणून हैदराबादच्या स्वाराची चाकरी कमी दर्जाची ठरत नाहीं. सुएझ कालव्याचें रक्षण आणि पॅलेस्टाइनची मोहीम ही लहान गोष्ट नव्हे. पण जी लढाई तो लढला नाहीं, ती त्याच्या नांवावर घातली, तर ज्या लढाया तो लढला त्या आपोआप पुसल्या जातात. उलट घरांत "फ्रान्स" एवढाच शब्द उरला असेल आणि रिसाला डेक्कन हॉर्स असेल, तर १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्या रणांगणावर हाय वुड येथें त्या रिसाल्यानें केलेला हल्ला लक्षांत घ्यावा.

दुसरी फसगत पलटणींच्या नांवांची. १९२२ च्या पुनर्रचनेंत कंटिंजंटच्या जुन्या पायदळ पलटणींतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली, आणि १९४५ सालीं तिचें नांव कुमाऊं रेजिमेंट झालें. नातू हैदराबादेस जाऊन हैदराबाद रेजिमेंटची चौकशी करतो आणि रिकाम्या हातानें परततो. वास्तविक त्यानें विचारावयास हवें हिमालयाच्या पायथ्याकडे, राणीखेतला. मराठा पलटणींचें असेंच आहे. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या अंकांच्या पलटणी १९२२ सालीं पांचव्या मराठा रेजिमेंटमध्यें एकत्र आल्या. त्यांचें केंद्र बेळगांवास आहे. १११ वी महार पलटण १९१७ सालीं उभारली गेली व १९२१ सालीं मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ सालीं बेळगांवांत उभी राहिली व तिचें केंद्र सागर येथें आहे. म्हणून एखाद्या घरीं "१११ व्या पलटणींतून १९१५ सालीं" असें सांगत असतील, तर पलटण किंवा साल, दोहोंपैकीं एक चूक आहे, हें शांतपणें मान्य करावें.

आतां पेटीकडे वळावें. प्रथम पदक हातीं घ्यावें, पण तें घासूं नये. पहिल्या महायुद्धाच्या रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर ती पाठीमागें असते. पदक रुप्याचें नसून काशाचें निघालें, म्हणून तें खोटें समजूं नये. मजूर पथकांतील व फौजेबरोबरच्या कामकरी माणसांना तेंच पदक काशाचें दिलेलें आहे. आजोबा बंदूक घेऊन नव्हे, तर ओझें घेऊन गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो सांगतांना घरानें संकोच करण्याचें कारण नाहीं.

त्यानंतर पत्रें. पहिल्या युद्धांत समुद्रपार गेलेल्या हिंदी फौजांना इंग्रजी अक्षरांचीं नांवें होतीं : 'ए' म्हणजे फ्रान्स, 'बी' म्हणजे पूर्व आफ्रिका, 'डी' म्हणजे मेसोपोटेमिया, 'ई' म्हणजे इजिप्त. लिफाफ्यावर एवढें एक अक्षर वाचतां आलें, तरी पृथ्वीचा एक कोपरा निश्चित होतो.

तिसरा साक्षीदार म्हणजे घरची जमाखर्चाची वही. निजामाच्या राज्यांत हाली रुपया चाले, इंग्रजी मुलुखांत कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ठराविक भाव. हालीच्या वहींत मधूनच कलदार रकमा जमा होऊं लागल्या, तर पैसा इंग्रजी खजिन्यांतून येत होता, असा संशय घ्यावा. पहिल्या महायुद्धांत पायदळाच्या शिपायाचा मूळ पगार दरमहा ११ रुपये होता, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे रकमा बोलूं लागतात.

वहीवरील तिथि मात्र जपून उलगडावी. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. निजामी कागदांत फसली सन असतो; त्यांत ५९० मिळवावे. तें साल ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई, म्हणून फसली १३२६ म्हणजे ऑक्टोबर १९१६ पासूनचें वर्ष. समजा, एका शिपायाचीं पत्रें शके १८३७ च्या मार्गशीर्षांत एकाएकीं थांबलीं आणि तो ११७ व्या मराठा पलटणींत होता. तो महिना डिसेंबर १९१५ चा. त्याच महिन्यांत मेसोपोटेमियांतील कूत येथें तुर्कांचा वेढा पडला आणि १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी आंत अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं त्या फौजेला शरण जावें लागलें, आणि कैदेंतले पुष्कळ हिंदी शिपाई रास-अल्-ऐनला रेल्वेच्या कामावर राबविले गेले. पत्रें थांबणें हा पुरावा नव्हे. पण पुढें कोठें विचारावें, हें तें सांगतें.

एवढें जमल्यावर बाहेर लिहावें. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि संबंधित रेजिमेंटचें अभिलेख कार्यालय, येथें नंबर, नांव, वडिलांचें नांव, गांव व तालुका देऊन अर्ज करावा. नंबर सर्वांत महत्त्वाचा. कारण इंग्रज कारकुनानें मराठी नांव कसें लिहिलें असेल, याचा नेम नाहीं. निजामाच्या फौजेसाठीं हैदराबाद येथील राज्य अभिलेखागार आणि दिल्लीचा राष्ट्रीय अभिलेखागार हे पाहावे. मरण पावलेल्यांसाठीं राष्ट्रकुल युद्धसमाधि मंडळाची नांवांची यादी सर्वांना खुली आहे. तींत पुष्कळ हिंदी शिपायांच्या नांवापुढें बापाचें नांव व गांवहि सांपडतें. नाइक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देह सांपडला नाहीं. त्यांचें नांव कसिनोच्या स्मारकावर आहे.

परंतु सर्वांच्या वांट्याला नांव आलें नाहीं. मेसोपोटेमियांत पडलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांचें स्मारक बसऱ्यास उभारलें गेलें. त्यावर अंमलदारांचीं नांवें कोरलीं. हिंदी शिपायांच्या पलटणीपुढें मात्र नुसता आंकडा घातला. २०२१ सालीं त्या मंडळाच्या चौकशीनेंच मान्य केलें कीं, ४५ ते ५४ हजार मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें आणि निदान १ लाख १६ हजारांचें नांवानें स्मरण झालेंच नाहीं. त्यांत हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन माणसें मुख्यतः होतीं. तेव्हां घरची पेटी ही केवळ हौसेची वस्तु राहत नाहीं. दगडानें जो आंकडा धरला, त्यांतील एकाचें नांव कदाचित् त्या पेटींतच असेल, आणि दुसरीकडे कोठेंहि नसेल.

म्हणून श्रोतेहो, शोध करणारानें एक वही घालावी व तिच्यांत तीन रकाने पाडावे : लेखी, ऐकीव आणि तर्कानें काढलेलें. एका रकान्यांतलें दुसऱ्यांत जाऊं देऊं नये. मोडी व उर्दू वाचणारीं माणसें जवळपास आहेत, तोंवरच कागद वाचून घ्यावे. तसबिरीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांव घालावें. घरांतील सर्वांत वृद्ध बाईला आधीं विचारावें; पुरुषांना लढाया आठवतात, पण कोणत्या सणाला मनिऑर्डर आली आणि कोणत्या सणाला आली नाहीं, हें तिच्या लक्षांत असतें.