दाह आणि दारं धरणारा गडी

श्रोतेहो, पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. वैद्यकात याला दाह म्हणतात. दाह आपल्या रक्षणाकरिताच असतो. परंतु तो वेळेवर थांबला पाहिजे. पिकाला पाणी देताना दारं धरणारा गडी लागतो ना? वाफा भरला तरी त्याने दारं बंद केलं नाही, तर मुळ्या कुजायच्या. आपल्या पेशीतही असे गडी आहेत. त्यांपैकी एकाची हकीगत आज सांगतो.

जनुकावरून आर.एन.ए. नावाची नक्कल निघते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते, असे पाठ्यपुस्तकात असते. ते खरेच आहे. पण माणसाच्या एकंदर डी.एन.ए.मध्ये प्रथिनांचा मजकूर शेकडा दोन भागांहूनही कमी! उरलेल्या भागातून निघणाऱ्या कित्येक लांबलचक नकलांपासून प्रथिन मुळी बनतच नाही. शास्त्रज्ञांनी या भागाला अडगळ म्हणूनही पाहिले. (अडगळ टाकण्यापूर्वी एकदा सोडून बघावी, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.)

2016 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी 'एल.एन.सी. 13' या अशाच एका नकलेचे काम दाखवून दिले. एरवी ती काही प्रथिनांना हाताशी धरून दाह पेटविणाऱ्या जनुकांना आवरून धरते. जंतू आल्याची वर्दी मिळाली की पेशी स्वतःच ती नक्कल मोडते; दारं उघडतात. काहींच्या नकलेत मात्र अक्षराचा फरक असतो, आणि तेवढ्याने तिची पकड ढिली पडते.

हा फरक सीलियाक नावाच्या रोगाशी निगडित आहे. या रोगात गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतड्याला दाह होतो. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडात उपासमार झाली, पाव मिळेना. तेव्हा असली आजारी मुले उलट सुधारली, हे डॉ. विलेम डिके यांनी पाहिले होते. आता रोग्यांच्या आतड्यात ही नक्कल कमी आढळते. अर्थात् सारा दोष तिच्या माथी मारता येत नाही. रोगाला इतर जनुकेही लागतात, आणि गहू तर लागतोच.

शिक्षकमंडळींना विशेष सांगतो. एखादे मूल वर्षभर वाढत नाही, पोट फुगलेले, वरचेवर जुलाब, चेहरा पांढुरका. अशा वेळी सगळेच जंतांवर ढकलू नका. डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करवून घ्या, आणि ती होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणी फसते. रोग ठरला, की मग गहू, रवा, मैदा, जव जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खुशाल चालतात. मात्र दळण गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर नको. आणि हिंगाची डबी वाचून घ्या. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.