घरातला कॉम्प्युटर आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. दरवर्षी या समारंभात मी मागच्या खोलीत अत्तरदाणी नि पानसुपारीची तबके मांडत असते आणि तेथूनच भाषणे ऐकते. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, घरच्या कॉम्प्युटरचे तुम्ही जे केले ते सर्वांना सांगा. मी हो म्हटले, कारण त्या हकिकतीत माझी एक चूकही आहे, आणि ती मंडळापुढे सांगून टाकणे माझे कर्तव्य आहे.

मंडळाच्या भिशीचे, हळदीकुंकवाच्या वर्गणीचे आणि शिवणवर्गाच्या फीचे हिशेब गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहेत. सुरुवातीला मी ते वहीत लिहीत असे. पुढे मुलीच्या अभ्यासासाठी घरात कॉम्प्युटर आला. तिने मला बेरजा कशा मांडायच्या ते शिकवले आणि मला त्याची इतकी गोडी लागली की मी वही बंदच केली. सारे हिशेब त्या एका पेटीत. दुसरी प्रत कोठेही नाही.

गेल्या चैत्रापासून ती पेटी कुरकुरू लागली. सकाळी बटण दाबावे, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन जाव्यात, तरी पडदा तयार नसे. यजमान तो दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने पेटी उघडूनही पाहिली नाही. "जुना झाला, नवा घ्या," म्हणून ४२ हजारांचा आकडा सांगून मोकळा झाला. घरात मुलीची बारावी; एवढी रक्कम एकदम कोठून आणावी? त्याच दिवसांत पडद्यावर एक चौकट उगवली: तुमचा कॉम्प्युटर मंद झाला आहे, येथे दाबा, फुकट साफ करून देतो. मी दाबले. साफ तर काही झाले नाहीच, उलट तो आणखी मंद झाला आणि वर रोज पैसे भरा म्हणून तगादा लावू लागला!

शेवटी पुण्याच्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, पोराला ताप आला तर तू आधी थर्मामीटर लावतेस, की एकदम दवाखान्यात भरती करतेस? आधी बघ तरी काय दुखते आहे ते. बघायला पैसे पडत नाहीत." भगिनींनो, माझे सारे भाषण या एका वाक्यात आहे.

पहिला थर्मामीटर तर यंत्रातच असतो. त्याचे नाव टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो उघडतो. त्यात त्या घटकेला कोणकोणती कामे चालू आहेत त्यांची यादी असते, आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवर शेकडा किती भार आहे ते वर लिहिलेले असते. त्यातच स्टार्टअप म्हणून एक पान आहे. कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता येऊन बसणाऱ्या पाहुण्यांची ती यादी! आमच्याकडे असे चौदा पाहुणे निघाले. ज्यांची ओळख पटली आणि सकाळी सकाळी गरज नव्हती, त्यांच्यावर उजवे बटण दाबून 'डिसेबल' केले. त्याने ते पुसले जात नाहीत, बोलावले तरच येतात, एवढेच. ज्याचे नाव कळले नाही त्याला हात लावला नाही. ती पैसे मागणारी चौकट मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन कायमची काढून टाकली.

थोडा फरक पडला, पण पेटीतून पंख्याचा घरघराट येई. तेव्हा भाचीने हार्डवेअर मॉनिटर म्हणजे 'एचडब्ल्यू मॉनिटर' हे साधन उतरवून घ्यायला सांगितले. ते घरगुती वापराला फुकट आहे. यंत्राच्या आतल्या भागांची उष्णता ते अंशांत दाखवते: आताची, कमीतकमी आणि जास्तीतजास्त. आमचा प्रोसेसर ९६ अंशांवर होता. उष्णता शंभराच्या आसपास पोचली की बहुतेक प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच आपली गती कमी करतात. म्हणजे तो आळशी झाला नव्हता, तापाने फणफणला होता!

वायर काढून बाजूचा पत्रा उघडला, तो काय, पंख्यावर तेलकट काळी गादी बसलेली. दोष माझाच. पेटी मी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली होती. फोडणीचा धूर आणि चाळणीचे पीठ, सारे तिच्या पोटात. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ कोरड्या ब्रशाने ती गादी काढली. ओले फडके मुळीच लावले नाही. पत्रा बसवून पुन्हा पाहिले तो आकडा ६४! त्या दिवशी मला एखादे लुगडे मिळाल्यासारखा आनंद झाला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एवढे करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभरावर अडून बसे, आणि प्रोसेसर तर स्वस्थ. म्हणजे दुखणे डिस्कचे. त्यासाठी 'क्रिस्टल डिस्क इन्फो' नावाचे साधन आहे. ते एका जपानी माणसाने केले असून फुकट आहे. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ती नोंद वाचून हे साधन रंग दाखवते. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, तांबडा म्हणजे आशा सोडा. आमचा रंग पिवळा निघाला.

पिवळा का, तेही मी विचारले. लुगडे एका जागी विरले की आपण ठिगळ लावतो. डिस्कही तसेच करते. एखादी जागा बिघडली की तिथले लिखाण राखीव जागेवर नेते आणि अशा ठिगळांची मोजदाद ठेवते. एखाददुसऱ्या ठिगळाने लुगडे टाकून देत नाहीत. पण दर आठवड्याला ठिगळे वाढू लागली तर ते अंगावर कधी फाटेल याचा नेम नाही. आमच्या डिस्कवरची ठिगळे आठ दिवसांत दुप्पट झाली.

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्यापैकी कित्येकजणींची पै पै करून साठवलेली भिशी, कोणाची किती भरली, कोणाची उचल राहिली, सारे त्या पिवळ्या ठिपक्यावर टांगलेले. पहाटे उठून पेन ड्राइव्ह लावला आणि आधी मंडळाचे हिशेब, मग मुलीच्या अभ्यासाची टिपणे आणि शेवटी सासूबाईंचे फोटो उतरवून घेतले. त्या गेल्या त्याला चार वर्षे झाली. त्यांचे हसरे फोटो तेवढेच. बाराव्या दिवशी डिस्क बंद पडली ती पुन्हा उठली नाही. आणि ही गोष्ट मी तीन आठवडे मंडळाला सांगितली नाही. भीती वाटली. त्याबद्दल आज आपणा सर्वांची क्षमा मागते.

पुढचे थोडक्यात सांगते. नव्या यंत्राच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात एसएसडी जातीची नवी डिस्क आली. विंडोज चढवण्याचे साधन मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जागेवर फुकट मिळते आणि परवाना यंत्राशी जोडलेला असल्याने पुन्हा पैसे पडले नाहीत. नंतर 'निनाइट' या जागेवर हव्या त्या नावांपुढे खुणा केल्या: हिशेबाला लिब्रे ऑफिस, गाण्यांना व्हीएलसी, गठडी सोडायला सेव्हन-झिप. सारे एका दमात बसले, सोबत नको ते काही आले नाही. मराठी लिहिण्याची सोयही २०१९ पासून विंडोजमध्येच आहे; इंग्रजी अक्षरांत शब्द टिपला की देवनागरी उमटते. आता बटण दाबल्यावर पहिल्या शिट्टीआधी पडदा तयार असतो!

'विनडरस्टॅट' हे आणखी एक मजेचे साधन. डिस्कवरची जागा कोणी अडवली ते रंगीत चौकटींनी दाखवते. आमच्याकडे सर्वांत मोठी चौकट निघाली ती दिरांच्या लग्नाच्या व्हिडिओची, तीनदा साठवलेली!

मात्र फुकट म्हणून हुरळून जाऊ नये, हे मी ठेच खाऊन शिकले. साधन ज्याने केले त्याच्याच जागेवरून घ्यावे, जाहिरातीच्या बटणावरून नव्हे. तेवढेही कधीकधी पुरत नाही. २०१७ साली 'सीक्लीनर' या नावाजलेल्या फुकट साधनाच्या एका आवृत्तीत, थेट मूळ जागेवरच, लबाडांनी विष मिसळले होते आणि ती वीस लाखांहून अधिक यंत्रांवर गेली होती. म्हणून गरज असेल तेवढेच घ्यावे. पडद्यावर घाबरवणारी चौकट येऊन फोन नंबर दिसला, तर त्या नंबरावर कधीही फोन करू नये. पाहण्याचे साधन नुसते पाहते. ते पैसे मागू लागले की समजावे, हा वैद्य नव्हे.

दुकानदारांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. डिस्क बसवायला मी दुसऱ्या एका कारागिराकडेच गेले. पण यावेळी काय बिघडले ते मला ठाऊक होते. त्यामुळे तो माझ्याशी सरळ बोलला. भाजीवाल्याशी आपण भाव करतो तो भाजी हाताळून पाहतो म्हणून. यंत्राचेही तसेच आहे.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या. हिशेबाची एक प्रत अध्यक्षीणबाईंच्या घरी पेन ड्राइव्हवर राहावी आणि वर्षअखेरीस कागदावरही उतरावी. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांनी माझ्याकडे यावे. चहा माझा. रंग कसा वाचायचा ते मी दाखवीन. सातवी शिकलेल्या बाईला जमले, ते आपणापैकी कोणालाही जमेल.