खाड्यांचा हिशेब ठेवणारी बाई

श्रोतेहो, मॉडेल म्हणून नाव झालं की पुढे एजन्सी काढायची, मग सिनेमाकडे वळायचं, ही वाट आता सर्वांच्या परिचयाची आहे. न्यूयॉर्कच्या बेथान हार्डिसन याच वाटेनं गेल्या. त्यांच्याविषयी बोलणारे मात्र बहुधा व्हर्सायपाशीच थांबतात. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचा सामना रंगला. अमेरिकेच्या बाजूनं दहाएक कृष्णवर्णीय मुली उतरल्या, हार्डिसन त्यांतल्या एक, आणि पॅरिसच्या बड्या मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतलं. प्रसंग मोठाच होता. पण माझं म्हणणं असं, की त्या टाळ्यांनी फारसं काही बदललं नाही. बदललं ते पुढे हार्डिसनबाईंनी ठेवलेल्या हिशेबामुळे.

आपल्या घरांतून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला भांडण करावं लागत नाही, पान पुढे केलं की झालं. दूधवाला मनानं चांगला असेल, त्याची म्हैस आटली असेल. खाडा तो खाडाच. आणि एखाद्या दिवशी त्यानं कौतुकानं खरवस आणून दिला, म्हणून महिन्याचे खाडे पुसले जात नाहीत. व्हर्साय हा खरवस होता. १९८४ साली बाईंनी ‘बेथान मॅनेजमेंट’ ही स्वतःची एजन्सी काढली, ती रोजचा रतीब लागावा म्हणून. तिथे सगळ्या वर्णांची मुलंमुली होती. टायसन बेकफर्ड हा कृष्णवर्णीय तरुण नव्वदच्या दशकात राल्फ लॉरेन या फॅशन कंपनीच्या जाहिरातींचा चेहरा झाला, त्यामागे याच बाई. त्याआधी १९८८ मध्ये इमान या मॉडेलला बरोबर घेऊन त्यांनी ‘ब्लॅक गर्ल्स कोअ‍ॅलिशन’ ही संघटना उभी केली होती. १९९६ मध्ये एजन्सी बंद झाली. पुढच्या दशकात रॅम्पवर एकाच ठशाच्या गोऱ्या, सडपातळ मुली दिसू लागल्या आणि कृष्णवर्णीय चेहरे जवळजवळ दिसेनासे झाले. फुली मारणारं कोणी उरलं नाही की खाडे वाढतात, ते असे.

२००७ मध्ये बाई परतल्या, न्यूयॉर्कमध्ये याच प्रश्नावर जाहीर सभा घेतल्या. २०१३ मध्ये तर त्यांनी न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस इथल्या फॅशनसंस्थांना खुली पत्रं धाडली. त्यांत फॅशन हाउसांची नावं होती: ज्यांच्या शोमध्ये एकही कृष्णवर्णीय मॉडेल नव्हती किंवा जेमतेम एक होती, अशांची. तुमच्या मनात काय होतं याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, परिणाम वर्णभेदाचाच होतो, असा त्या पत्रांचा रोख. कॅलेंडरचं पान पुढे केलं, दुसरं काही नाही. त्यानंतरच्या हंगामांत यादीतल्या काही घराण्यांच्या रॅम्पवर चेहरे बदलू लागले. पुन्हा सांगते, कारण हे निसटून जातं: व्हर्सायच्या टाळ्यांनी जे हललं नाही, ते या यादीनं हलवलं.

यावर कोणी म्हणेल, डिझायनर हा कलावंत. त्यानं कोणाला उभं करावं ही त्याची आवड, कलेत कसली मोजदाद? एका डिझायनरपुरतं हे मी मान्य करीन. पण चार शहरांत, हंगामामागून हंगाम, शेकडो शो सारख्याच चेहऱ्यांचे निघतात, तेव्हा ती आवड राहत नाही, सवय होते. शिवाय कृष्णवर्णीय मुली पाठवूच नका, अशा सूचना एजन्सींना आधीच मिळत, हे बाईंनी वारंवार सांगितलं आहे. म्हणजे मुलगी नापसंत होत नव्हती, ती समोरच येत नव्हती. न पाहिलेल्या मुलीबद्दल आवडनिवड कसली? दुसरा आक्षेप असा, की एजंट बाईला कमिशनची गरज. पण यादी लिहिली तेव्हा एजन्सी बंद होऊन सतरा वर्षं झाली होती. त्या फुल्यांतून त्यांना कमिशनचा एक डॉलरही मिळायचा नव्हता.

२०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात त्यांचा ‘इन्व्हिजिबल ब्यूटी’ हा माहितीपट दाखवला गेला. फ्रेडरिक चेंग यांच्यासोबत त्यांनी स्वतःच तो दिग्दर्शित केला, तेही ऐंशीच्या घरात. सिनेमा हाही माझ्या मते हिशेबच आहे. फरक इतकाच, की यादीत नावं असतात आणि इथे... पण घड्याळ पुढे सरकतंय, त्याआधी एक विनंती करते. आज रात्री मालिका बघायला बसाल, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ ठेवा. जाहिराती सुरू झाल्या की सावळ्या चेहऱ्याला एक रेघ, गोऱ्याला दुसरीकडे एक. साबण, दागिने, पैठण्या, सगळं मोजा. चार दिवस सलग मोजा, एका दिवसावर जाऊ नका. आणि नायिकेच्या मैत्रिणीच्या, मोलकरणीच्या भूमिका कोणाकडे जातात, तेही निराळ्या रकान्यात लिहा, कारण त्याबद्दल मला आज बोलायचं होतं आणि निवेदकांनी खूण केली आहे.